सुलभा घाडीचा शिमगा

सुलभा घाडी वाईट बातमी कधी रिकाम्या हातानं आणायची नाही.

आमचं ऑफिस दादरला, एका मंगल कार्यालयाच्या डोक्यावर होतं. खाली लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं आणि वर आम्ही दहा-पंधरा माणसं कॉम्प्युटरपुढे माना मोडत बसलेली. मुहूर्त असला की फोनवर बोलताना दुसऱ्या कानात बोट घालावं लागायचं. कार्यालयाच्या आचाऱ्याशी सुलभानं गट्टी जमवली होती. कुणाच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की ती आधी जिना उतरून खाली जायची, आचाऱ्याकडून बुंदीचा लाडू नाहीतर जिलबीचं वेटोळं कागदात बांधून आणायची, त्या माणसाच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "खा आधी."

"काय फुटलं?" तो बिचारा विचारायचा.

"खा रे मेल्या. पोटात गोड गेलं की माणूस कमी भांडतो."

सर्व्हरचा मुख्य प्रोग्रॅम लिहिणारा आमचा मकरंद. त्याला पुढं पुढं बुंदीचा नुसता वास आला तरी घाम फुटायचा. खाली लग्न असलं की बिचारा दिवसभर दचकत असायचा.

मी तिथं मॅन्युअलं लिहायचे. गिरगावातली, शाळामास्तरांच्या घरातली, ऱ्हस्व-दीर्घाची नको तितकी काळजी करणारी. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं होतं, 'या रकान्यात रुग्णाचे वय लिहावे.' मागं कुणीतरी उभं राहून वाचतंय असं वाटलं म्हणून वळले, तर उंच, हाडापेरानं मजबूत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ घातलेली एक बाई.

"आणि नाय लिहिलं तर?" तिनं विचारलं.

"तर... लिहायलाच पाहिजे ना."

"'नाना' लिहिलं तर? उणे चार लिहिलं तर? आख्खी आरती लिहिली तर?"

"वयाच्या रकान्यात आरती कोण लिहील?"

"मी," ती म्हणाली. "मला त्याचाच पगार आहे."

आणि खरंच तिला त्याचाच पगार होता. आमची कंपनी दवाखान्यांसाठी आणि रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करायची. लॅबमधल्या मशीनकडून निकाल निघायचा, तारेवरून मधल्या सर्व्हरकडे जायचा. सर्व्हर तो जपून ठेवायचा आणि पोच म्हणून त्याची नक्कल लॅबच्या रिपोर्टच्या खिडकीवर परत पाठवायचा. तीच छापून पेशंटच्या हातात पडायची. मशीननं सर्व्हरशी कसं बोलायचं याची रीत ठरलेली. आधी कोण बोलतंय, मग किती अक्षरं बोलणार, मग ती अक्षरं. जगात सगळे ही रीत पाळतात असं धरून मकरंदसारखी हुशार माणसं प्रोग्रॅम लिहितात. सुलभाचं काम ती रीत मोडण्याचं. तिनं एक प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. तो चांगल्या निरोपांचा गठ्ठा घ्यायचा आणि ते बिघडवायचा. एखाद्याचं शेपूट तोडायचा, एखाद्यात आकड्याच्या जागी नुसती टिंबं भरायचा, एखाद्यात एकच अक्षर पानभर. असे नासवलेले निरोप दिवसभर सर्व्हरवर सोडायचे आणि तो कुठं अडखळतो, कुठं आडवा होतो ते बघत बसायचं. मोठ्या कंपन्यांत या कामाला भारदस्त इंग्रजी नाव होतं. सुलभानं आपल्या प्रोग्रॅमचं नाव ठेवलं होतं शिमगा.

"आमच्या गावाक शिमग्याला येईल त्याच्या नावानं बोंब मारतात," ती समजावायची. "आणि ऐकणाऱ्यानं राग धरायचा नाही. ज्याला राग येतो तो कच्चा."

त्यामुळे आमच्या ऑफिसात भर श्रावणातसुद्धा "शिमगा लावलाय का?" "शिमगा थांबला का?" अशी वाक्यं ऐकू यायची आणि खालून वर आलेली लग्नघरची माणसं आमच्याकडे संशयानं बघायची.

ही खोड तिच्या कामापुरती नव्हती. दादरला स्टेशनाजवळ आम्ही ज्या हॉटेलात चहाला जायचो तिथं एकदा तिनं वेटरला गंभीरपणे सांगितलं, "एक पियुष द्या. गरम." मी टेबलाखाली तिचा पाय दाबला. वेटरनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "एक पियुष! मॅडमना गरम पाहिजे, उन्हात ठेवून आण!" सुलभा इतकी खूश झाली की पुढं कित्येक दिवस त्या वेटरचं उदाहरण ती मकरंदला द्यायची. "त्याला बघ. वाकडं विचारलं म्हणून पडला का? गोंधळला का? सर्व्हर असा पाहिजे."

मकरंद चिडायचा. "पण मुळात असं विचारेल कोण?"

"सभ्य माणसासाठी काय, नुसता पडदा लावला तरी चालतो रे. दार बांधलंयस ना? मग लाथ मारून बघू दे."

मी तिला 'अगं सुलभा' म्हणायचे आणि ती मला 'काय गो'. वयानं ती दहा-बारा वर्षांनी मोठी. लग्न केलेलं नव्हतं. लालबागला चाळीत वडिलांबरोबर राहायची. आई गेलेली. एकदा ती आजारी पडली म्हणून मी तिच्या घरी गेले. खाटेवर टॉवेल पांघरून एक म्हातारा बसला होता. सुलभानं ओळख करून दिली, "आमचे तात्या." मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि लगेच उठून बाहेर गॅलरीत गेले. मी असेपर्यंत आत आले नाहीत. सुलभा त्यांना चहा गॅलरीतच देऊन आली. दोघांत एक शब्द झाला नाही. भांडणही दिसत नव्हतं. सवय दिसत होती.

जरा बरं वाटत होतं, म्हणून मला सोडायला ती करी रोडच्या पुलापर्यंत आली. वाऱ्याला थांबलो. तिथून बंद मिलची धुराडी दिसत होती, आणि त्यांच्या मधून वर येणारे नवे टॉवर.

"तात्या कुणासमोर बसत नाहीत," ती एकदम म्हणाली. "तुझ्यावर राग नाही त्यांचा."

मग तिनं सांगितलं. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा ती शाळेत शेवटच्या वर्गात होती. तात्या मिलमध्ये, साचेखात्यात मागावर. वर्ष उलटलं, घरातली पितळेची भांडी गेली, आई दुसऱ्यांचे मसाले कुटायला जायला लागली. आणि एक दिवस तात्या पोलिसांच्या गाडीत बसून मिलच्या आत कामावर गेले. मिल अर्धीमुर्धी सुरू झाली होती, संप मोडून आत जाणाऱ्यांना तसं न्यायचे. चाळीत त्यांच्याशी कुणी बोलेना. दाराच्या कडीला कुणीतरी तुटक्या चपलांची माळ बांधली.

"आणि मी," सुलभा म्हणाली, "शाळेतून येताना तात्या समोरून दिसले की फुटपाथ बदलायची. त्यांनी आत जाऊन आणलेल्या पगारातून माझी फी गेली. त्याच्यावर मी शिकले. आणि फुटपाथ बदलायची."

"ते काही म्हणाले नाहीत?"

"नाही. तेच आधी दुसरीकडे बघायला लागायचे. मला सोपं जावं म्हणून."

ती मिलही पुढं बंदच पडली. तात्यांची ना संपात गणती झाली ना कामात. सुलभानं हे सगळं नाक न ओढता, सर्व्हर कसा पडला ते सांगावं तसं सांगितलं, आणि "जा आता, उशीर होईल" म्हणून वळली.

त्यानंतरच्या वर्षी आम्हाला परळच्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम मिळालं. आमच्या मानानं फार मोठं. मालक परुळेकर साहेब हा सज्जन माणूस. ओरडायचे नाहीत, कुणाच्या घरी अडचण असली तर विचारायचे. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी मॅन्युअलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'एका रुग्णाची माहिती दुसऱ्या कुणालाही दिसणार नाही.'

सुलभानं शिमगा लावला. बरेच दिवस काही सापडलं नाही. मग एका दुपारी तिनं मला हाक मारली. "काय गो, हे वाच."

स्क्रीनवर सर्व्हरनं पाठवलेलं उत्तर होतं. सुरुवातीला तिनं पाठवलेलं एकच अक्षर आणि त्याच्यापुढं दुसऱ्याच कुणाचं नाव, पत्ता, साखर किती, युरिया किती. चाचणीसाठी घातलेली खोटी नावंच होती ती, पण त्या निरोपाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"हे कुठून आलं?"

"असं समज," ती म्हणाली, "खिडकीवर कारकून बसलाय. तू त्याला पोस्टकार्ड दिलंस, त्यावर लिहिलंय नुसतं 'नमस्कार'. पण तू म्हणालीस, यावर पाचशे अक्षरं आहेत, नक्कल करून द्या. आपला कारकून मोजत नाही. तो पाचशे भरेपर्यंत लिहीत जातो. कार्डावरचं संपलं की टेबलावर पडलेले दुसऱ्यांचे कागद उतरवून देतो."

गंमत वाटण्यासारखी गोष्ट होती आणि आम्हाला क्षणभर वाटलीही. मग ती खाली जाऊन लाडू घेऊन आली.

मकरंदनं लाडू खाल्ला नाही. त्याचं म्हणणं, दवाखान्यातली मशीनं ठरलेल्या रीतीनंच बोलतात, खोटी लांबी कुणी मुद्दाम पाठवल्याशिवाय हे होणार नाही, आणि दवाखान्याच्या आतल्या तारेवर असं मुद्दाम कोण करणार? दुरुस्त करायला आतलं बरंच उकलावं लागेल. डिलिव्हरी तर तोंडावर आलेली. काम पाठवताना तपासणीच्या दाखल्यावर सुलभाची सही लागायची. तिच्या सहीशिवाय परुळेकर काही पाठवत नसत, त्याचा त्यांना अभिमान होता.

त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅन्युअलची प्रत द्यायला मी आत गेले होते, तिथंच उभी राहिले.

"सुलभा, मी तुझ्यावर जबरदस्ती करत नाही," परुळेकर म्हणाले. "पण हे काम या महिन्यात गेलं नाही तर मला माणसं कमी करावी लागतील. कुणाला घरी पाठवू ते तू सांग. तू सांगशील त्याला पाठवतो."

सुलभा काचेतून बाहेर बघत राहिली. बाहेर नुकतंच लग्न झालेला आमचा दिनेश होता, आणि नवऱ्याची नोकरी सुटलेली शिल्पा. खाली सनई चालू होती.

"लगेच दुरुस्त करायचं," ती म्हणाली. "पुढच्या पंधरवड्यात नवीन प्रत द्यायची."

"शब्द देतो."

तिनं सही केली. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर न लावताच केली, हे मला अजून दिसतं.

शब्द देताना परुळेकर खोटं बोलत नव्हते. पण दुसरं काम आलं, मग तिसरं. सुलभा दर सोमवारी मकरंदच्या टेबलाशी जायची. सुरुवातीला लाडू घेऊन, मग नुसतीच. मग एखादा सोमवार चुकायला लागला. असं होतं ऑफिसात. कुणीच नाही म्हणत नाही, आणि गोष्ट राहून जाते.

मुद्दाम कुणी काही केलंच नाही. दवाखान्याच्या लॅबमधल्या एका जुन्या मशीनची वायर सैल झाली, एवढंच. निरोप मध्येच तुटायला लागले. लांबी पूर्ण सांगायची आणि मजकूर अर्धाच पोचायचा. शिमगा जे मुद्दाम करायचा ते त्या वायरीनं आपसूक केलं. करी रोडच्या एका चाळीतले आजोबा साखरेचा रिपोर्ट घेऊन घरी गेले. चष्मा नव्हता म्हणून जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला म्हणाले, वाच रे. शेजाऱ्यानं वाचला. साखरेच्या आकड्याखाली आणखी काही ओळी होत्या. त्याच चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या रजनीचं नाव, खोली नंबर, आणि एचआयव्ही तपासणीचा निकाल. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. वाईट हेतू नव्हता. कागदावर होतं ते वाचलं.

रजनी खानावळ चालवायची. नवरा ट्रकवर होता, तो गेल्यावर तिला आपल्याही दुखण्याचा पत्ता लागला. औषध चालू होतं, तब्येत ठणठणीत होती. टॉवरच्या बांधकामावरचे सुपरवायझर, बँकेतली एकटी राहणारी माणसं, चाळीतले दोघे-तिघे म्हातारे तिच्याकडे जेवायचे. जेवणातून हा आजार लागत नाही, हे तेव्हाही सगळ्यांना ऐकून माहीत होतं. तरी आठवडाभरात तिच्या दारात ताट घ्यायला कुणी उरलं नाही.

दवाखान्यातून आमच्याकडे तक्रार आली. मकरंदनं सर्व्हरची नोंद उघडली, सुलभा त्याच्या खुर्चीमागं उभी होती. बघितल्याबरोबर तिला कळलं. मकरंद काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तूच बघून सांग. माझ्या तोंडून नको."

"तेच आहे," तो म्हणाला.

त्यानं दोन दिवसांत ते दुरुस्त केलं. इतके महिने राहिलेलं काम दोन दिवसांचं होतं, याची लाज त्याच्याही चेहऱ्यावर दिसत होती. पण दवाखान्याला काय कळवायचं ते परुळेकरांनी ठरवलं होतं. छपाईच्या मशीनमध्ये बिघाड झाला, तो दूर केला आहे. "झालं ते वाईट झालं," ते म्हणाले, "पण आता खरं सांगून त्या बाईचं काय भलं होणार आहे? बारा घरं बुडतील फक्त."

 त्या संध्याकाळी घरी जाऊन सुलभानं तात्यांना सगळं सांगितलं. हे तिनं मला नंतर सांगितलं. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा इतकं बोलली असावी. तात्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी गाडयेत बसलंय ता चुकलंय की नाय, माका अजून कळूक नाय. पण तेच्यानंतर मी कोणाच्याच तोंडाक बघलंय नाय. तुझ्या पण नाय. ता मात्र चुकला." आणि मग, "त्या बायेच्या घराक जा."

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "माझ्याबरोबर चल गो. मला एकटीला जमायचं नाही. तू काय बोलू नको, नुसती बस."

रजनीच्या दारात मोठी पातेली घासून पालथी घातलेली होती, एकावर एक. ती पस्तिशीची, ठेंगणी, डोळे तीक्ष्ण. दवाखान्यातून आलोय असं समजून तिनं आम्हाला आत घेतलं. सुलभा जमिनीवर बसली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. पोस्टकार्डाचा कारकून सांगितला, तुटलेली वायर सांगितली. रजनीनं मध्येच थांबवलं.

"तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी दिलंत?"

"हो. सही माझी आहे."

"का पण?"

सुलभा म्हणाली, "आमच्या ऑफिसात लोकांच्या नोकऱ्या..." आणि थांबली. मग म्हणाली, "नाही म्हणायची हिंमत झाली नाही."

 बाहेरच्या गॅलरीतून एक बाई गेली, दारापाशी आल्यावर तिनं पदर आवरून घेतला.

"आतापर्यंत जो तो मला सांगतोय, मशीन बिघडलं," रजनी म्हणाली. "डॉक्टर सांगतो मशीन, खिडकीवरची सांगते मशीन. मशीनला मी काय बोलू? त्याच्या तोंडावर थुंकू? बरं झालं तुम्ही आलात. आता बोलायला माणूस सापडलं."

आणि ती बोलली. नवऱ्यापासून सुरुवात केली. सासरच्यांनी काय केलं, दुखणं लपवत हे घर कसं उभं केलं, गावाला असलेल्या मुलीला आता काय सांगू. आवाज चढत गेला. दारात माणसं जमली, तरी ती थांबली नाही. सुलभाला तिनं तोंडाला येईल ते म्हटलं. मी खाली बघत होते. सुलभा तिच्याकडे बघत होती, एकदाही नजर काढली नाही. शेवटी रजनी दमली.

"माफी मागायला आलात ना? मी देणार नाही."

"नका देऊ," सुलभा म्हणाली. "मी काय करू ते सांगा."

"माझी जेवणारी माणसं आणून द्या. जमेल? नाही ना? मग निदान त्या दवाखान्यात जाऊन खरं सांगा. अजून कोणाचं नाव कोणाच्या कागदावर गेलंय ते बघायला लावा. मी एकटीच असेन कशावरून?"

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. जिना उतरताना सुलभानं कठडा घट्ट धरला होता.

दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरांबरोबर बैठक ठरलेलीच होती. परुळेकरांनी टिपणं घ्यायला मला नेलं, आणि सही तिची म्हणून सुलभाला न्यायलाच लागलं. त्यांनी छपाईच्या मशीनची गोष्ट नीट, सौम्यपणे सांगितली. डॉक्टर मान डोलवत होते, विषय मिटत आला होता. सुलभा उभी राहिली.

"साहेब, प्रिंटरची चूक नाही. आमची आहे. मला माहीत होती, मी सही केली. जुने सगळे कागद तपासायला लागतील."

परुळेकरांनी डोळे मिटले. रागानं नव्हे. त्यांना हायसं वाटलं की काय, असं मला क्षणभर वाटलं.

तपासले तर आणखी कागद निघाले. बहुतेकांवर किरकोळ मजकूर होता, कुणी वाचलाही नव्हता. पण काही तसे नव्हते. दवाखान्यानं त्या माणसांना एकेक करून बोलावून सांगितलं. आमचं काम काढून घेतलं. परुळेकरांनी सुलभाला जा म्हटलं नाही, तिनंच राजीनामा दिला. त्यानंतर दिनेशला आणि शिल्पाला जावं लागलं. शिल्पा निघताना सुलभाच्या रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाली, "आधी सही केली नसती तरी आम्ही गेलो असतो, आणि खरं बोलली तरी गेलोच. मग मधल्या मध्ये त्या बाईचं कशाला व्हायला पाहिजे होतं?"  आम्ही मान खाली घालून कामाला लागलो.

त्या काळात सुलभा रोज दुपारी रजनीच्या चाळीत जायची. खोलीत न बसता बाहेर गॅलरीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं पाट मांडून बसायची आणि जेवायची. रजनी तिच्याशी बोलायची नाही. ताट ठेवायची आणि आत जायची. पहिल्या दिवशी तर तिनं ताट असं आदळलं की आमटी सांडली. सुलभानं सांडलेली पुसली, उरलेली खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. एक-दोनदा मीही गेले. चाळीतले लोक बघायचे. एक म्हातारे गृहस्थ काही दिवसांनी परत जेवायला आले, तेवढेच. बाकी कुणी नाही. सुलभाच्या बसण्यानं चाळ सुधारली वगैरे काही झालं नाही. शेवटी रजनीनं ती खोली सोडली आणि शिवडीला गोदामांच्या बाजूला एक टपरीवजा जागा घेतली, ट्रकवाल्यांसाठी.

सुलभाला नोकरी मिळायला वेळ लागला. मुलाखतीत आधीची जागा का सोडली विचारलं की ती सरळ सांगायची. मी म्हणायचे, "अगं, एवढं कशाला?" ती म्हणायची, "त्यांनी वाकडं विचारलं नाय गो. सरळ विचारलं. मग?" पुढं तिला एका लहानशा कंपनीत काम मिळालं, शिमगा ती बरोबर घेऊन गेली. ऐकलं की तिथं कुणी कितीही समजावलं तरी तिची सही मिळणं महाकठीण आहे, आणि लोक तिला टाळतात. तात्यांच्या शेवटच्या दिवसांत ती संध्याकाळी त्यांना धरून खाली रस्त्यावर आणायची. दोघं फुटपाथवर सावकाश, एकाच बाजूनं चालायची. हे मी स्वतः पाहिलं नाही, मला तिच्या चाळीतल्या शेजारणीनं सांगितलं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते शिवडीला. माझ्या कामासाठी त्या बाजूला गेले होते, तिला फोन केला. ती म्हणाली, "ये, जेवायलाच ये." रजनीच्या जागेत लांब बाकं टाकलेली, ड्रायव्हर-क्लीनर खांद्याला खांदा लावून जेवत होते. भाताच्या वाफेत आधी काही दिसेना. सुलभा त्यांच्या मधेच दाटीवाटीनं बसली होती, केस बरेच पांढरे झालेले. ती महिन्यातून कधीतरी येतेच, असं दिसलं, कारण शेजारच्या ड्रायव्हरनं सरकून तिला जागा करून दिली.

रजनी वाढायला आली. अंगानं भरली होती, आवाज खणखणीत. ड्रायव्हरनं सहज विचारलं, "मावशी, ह्या कोण? तुमच्या बहीण का?"

रजनीनं वाढता हात थांबवला नाही. "बहीण कसली. हिच्यामुळं मला करी रोड सोडावं लागलं."

ड्रायव्हर हसला. त्याला थट्टा वाटली. त्यानं सुलभाकडे बघितलं.

"खरं आहे," सुलभा म्हणाली. "माझ्यामुळंच."

त्याचं हसू विरलं. तो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला आणि मग काय करावं न कळून ताटात बघून भराभर जेवायला लागला. रजनी क्षणभर तिथंच उभी राहिली. मग तिनं डाव पुन्हा पातेल्यात घातला.

"भात घे," ती म्हणाली. "आमटी थंड झाली की खाववत नाही."

सुलभानं ताट पुढं केलं.